कौसाआत्याचा बिनसाखरी सॉस

कौसाआत्याच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. एकानं तिला त्यागमूर्ती म्हटलं. दुसऱ्यानं ममतेचा सागर म्हटलं. तिसऱ्याला तिनं एकदा भर बैठकीत सांगितलं होतं, "तुझं भाषण संपलं की उठव मला." तो डोळे पुसत म्हणाला, आत्यांनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही. पुढच्या रांगेत तिचा नवरा बारकूतात्या बसला होता. जन्मभर यंत्रमागावर उभं राहून त्याचे कान गेलेत, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नाही, अशी त्याची समजूत आहे. तो शेजारच्याला खणखणीत आवाजात म्हणाला, "कुणाबद्दल बोलालेत ओ हे?"

सभेतलं तेवढं एक वाक्य खरं होतं. बाकीच्यांची भरपाई म्हणून हे लिहिते आहे.

कौसाआत्या म्हणजे कौसल्या. कुंभारी गावच्या कामगार घरकुलांत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. ती बिडी कामगार होती आणि कामगारांच्या संघटनेत सगळ्यात पुढं असायची. माझे वडील, आप्पा, त्याच संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, उरलेली पत्रकं होती. 'भगिनींनो, जाग्या व्हा' हे मला वाचता आलेलं पहिलं वाक्य. आत्या म्हणायची, "जाग्याच हावोत. झोपायला टाइम कुटं देतोय मालक?"

दिसायला ती धिप्पाड होती. पदर कमरेला खोचलेला, तंबाखूनं पिवळी झालेली बोटं, आणि चष्म्याची मोडकी काडी बिडीच्या दोऱ्यानं बांधलेली. नवऱ्याला ती सरळ 'बारकू' म्हणून हाक मारायची, तीही अरे-तुरे करून. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते फार लागायचं. एकीनं एकदा विचारलंच, "कौसे, नवऱ्याचं नाव असं तोंडावर घेतीस?"

"मग काय पाठीवर घिऊ? त्याला ऐकू येत न्हाय."

तिचा सगळ्यात आवडता प्रश्न होता, "कुटं लिवलंय?" शेजारीण म्हणाली, बाईनं आधी जेवू नये, की आत्याचा प्रश्न तयार. पुढारी म्हणाला, तुमचं काम झालंच म्हणून समजा, तरी तोच प्रश्न. जे लिहिलेलं असेल ते मात्र ती पूर्ण वाचायची. शाळा तिची चौथीतच सुटली होती, पण बिस्किटाचा पुडा असो, टूथपेस्टची नळी असो की औषधाची बाटली, चष्मा कपाळावरून नाकावर आणून मागची बारीक अक्षरं ती शेवटपर्यंत वाचायची. एका साखरपुड्यात पाव्हण्यांना बिस्किटं दिली, तर ही मोठ्यानं वाचायला लागली. "बदामाचं बिस्कुट. हितं म्होरल्या बाजूला बदामाचा फोटू. मागं कुटं बदामच न्हाय. फोटूतलाच खायाचा काय?" मुलीकडच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तपासणारा माणूस मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे बायकांना मिळायचे नाहीत आणि बिड्याही परत मिळायच्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं होतं. एक दिवस आत्यानं त्याला विचारलं, "खराब हाईत?"

"व्हय."

"वडायच्या लायक न्हाईत?"

"न्हाईत म्हणून सांगितलं की."

"मग चुरगाळ. हितं, आमच्याम्होरं."

त्यानं चुरगाळल्या नाहीत. त्याच्या मागं मालकाचा मेव्हणा बसला होता, आणि त्याच्या ओठांत त्याच ढिगातली एक बिडी पेटलेली होती. आत्या त्याच्याकडं बघून म्हणाली, "सायेब, टाका ती. खराब हाय. खोकला हुईल." त्यानंतर संपाची पत्रकं आप्पांनी लिहिली, पण संप झाला तो त्या खोकल्यावरून.

गल्लीत एकदा एक काढेवाला आला. पांढरा झब्बा, गळ्यात माळ, हातात बाटली. त्याचा काढा सांधेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर चालत होता. आत्यानं बाटली घेतली, चष्मा खाली आणला आणि वाचून झाल्यावर म्हणाली, "हितं लिवलंय, वैद्याच्या सल्ल्यानं घ्यावं. तू वैद्य हायस?"

"मी प्रचारक आहे, माताजी."

"मग प्रचार कर की. आदी तू पी."

तो हसला. आत्या हसली नाही. बायका गोळा झाल्या होत्या, त्यामुळं त्याला टोपणभर प्यावं लागलं. आत्या म्हणाली, लिहिल्याप्रमाणं अजून एक. थोड्या वेळानं तो माणूस बाटल्यांची पेटी तिथंच टाकून संडास कुठं आहे ते विचारत पळाला. आत्यानं त्याला स्वतः पाण्याचा डबा भरून दिला. "एवढं मातर लिवलं नव्हतं रं बाबा," म्हणाली.

अशी बाई आपल्याच हातानं खोटं लेबल लावेल, असं कुणाला वाटलं असतं?

झालं असं. आत्याची मुलगी सुजाता पुण्यात नोकरीला. एका सुट्टीत ती येताना एक बाटली घेऊन आली. रविवारी दारासमोर घमेल्यात कोळसे पेटवले, वर लोखंडी जाळी ठेवली, आणि सुजातानं कोंबडीच्या तुकड्यांना बाटलीतलं काळपट, चिकट काहीतरी फासलं. आत्यानं अर्थात बाटली हातात घेतली. नाव मराठीतही छापलेलं होतं. "बार... बे... क्यू. बारकू की हे."

"आई, बार्बेक्यू. निखाऱ्यावर भाजतात त्याला म्हणतात."

"मग बराबर हाय. ह्यो बी निखाऱ्यावर भाजूनच निगालाय. माज्यासंगं संसार केलाय त्यानं."

त्या दिवसापासून गल्लीत त्याला 'बारकूचा सॉस' हेच नाव पडलं. खुद्द बारकूतात्यानं त्या रविवारी बोटं चाटली, मनगट चाटलं, आणि म्हणाला, "लई भारी." तो माणूस वर्षाला दोन-तीन मतं व्यक्त करतो. त्यातलं हे एक.

त्याच वर्षी त्याच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर निघाली. गोड बंद, असं सांगून त्याला घरी पाठवलं. तात्यानं चहा सोडला, मग चहाबरोबरचं बोलणं सोडलं, आणि मग जेवणही सोडल्यात जमा झालं. ताटापुढं बसायचा, भाकरीचा एक कोपरा मोडायचा आणि ताट सरकवायचा. "आता जेवण म्हंजी काय," म्हणायचा, "गोळी गिळायचं निमित्त." पायजम्याची नाडी आवळत आवळत त्याचा पायजमाच घागऱ्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरनं बजावलं होतं की रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या तर चक्कर येऊन पडेल. तो एकदा पडलाही, मोरीत. कुठल्या मालकाला कधी न घाबरलेली आत्या ताटात उरलेल्या भाकरीला घाबरायला लागली. मी गेले की विचारायची, "तुज्या आप्पानं किती खाल्ल्या आज?" आणि मी सांगितलं की भिंतीकडं बघत बसायची.

मग एक दिवस तिनं सुजाताची ती बाटली माझ्यापुढं आदळली. मागची अक्षरं इंग्रजीत होती. "वाच. पैलं काय लिवलंय?"

"साखर."

"दुसरं?"

"हीपण साखरच आहे आत्या. नाव वेगळं आहे."

"आन् टमाटा?"

"बराच खाली आहे."

आत्यानं बाटली मोरीत उपडी केली. मग ती जे बोलली ते भिंतीपलीकडून ऐकून आप्पांनी लिहून घ्यायला कागद शोधला होता. "आख्खा जिल्हा ऊस गाळतोय आन् आख्खा जिल्हा शुगरच्या गोळ्या खातोय. एका हातानं पाजायचं, दुसऱ्या हातानं दवाखाना काढायचा, आन् दोन्हीच्या उद्घाटनाला त्योच पुढारी." आमच्या जिल्ह्यात साखर हा खायचा पदार्थ नाही, निवडून यायचा पदार्थ आहे. ते आत्याइतकं थोडक्यात मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

तिनं ठरवलं, हा सॉस घरी करायचा. साखर नाही, गूळ नाही, फक्त फळांचा गोडवा. बारकूला जेवायला घालायचं.

पहिल्यांदा तिनं बोरं घेतली. बिया काढता काढता दोन बायकांची भांडणं झाली आणि सॉसला बोरांऐवजी औषधाची चव आली. मग डाळिंबाचा रस आटवला, तर तो कडू झाला, कारण तिनं दाणे बियांसकट मिक्सरमधून काढले होते. मग चिकू. चिकूचा सॉस दिसायला सुंदर होता. तो लावलेली कोंबडी खाऊन तात्या म्हणाला, "खीर हाय का?" त्या वर्षाचं त्याचं दुसरं मत.

शेवटी जमलं ते असं. कांदा आणि टोमॅटो निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजायचे. बिया काढलेला खजूर आणि काळे मनुके गरम पाण्यात भिजवायचे. लसूण, चिंचेचा कोळ, मोहरीची पूड, मीठ, आणि घरचं काळं तिखट. सगळं वाटून पातेल्यात घालायचं आणि चमच्याला धरून राहील एवढं आटवायचं. मग मधोमध एका वाटीत लाल निखारा ठेवून त्यावर तेलाचा थेंब टाकायचा आणि झाकण लावून धूर आत कोंडायचा. झाकण उघडलं की शेजारच्या चार घरांतली माणसं 'सहज आलो होतो' म्हणत दारात उभी राहायची.

तात्यानं त्या दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. आत्या उठून आमच्या घरी आली आणि आप्पांना म्हणाली, "पत्रक लिवा."

"कशाचं, कौसाबाई?"

"सॉसचं."

गल्लीत शुगर असलेली माणसं काही थोडी नव्हती. आत्या प्रत्येक घरात बाटली पोचवणार होती आणि बाटलीवर लेबल हवं होतं. आप्पांना लेबल लिहिता येत नाही, पत्रकच लिहिता येतं. त्यामुळं जे छापलं गेलं ते असं: 'बंधू-भगिनींनो. साखरसम्राटांच्या गुलामीतून मुक्त व्हा. बारकूचा सॉस. साखरेचा एक कण नाही. शुगरवाल्यांनी बिनधास्त खावा.' शेवटचं वाक्य आत्यानं घालायला लावलं होतं.

लोकांनी बिनधास्त खाल्ला. तात्यानं तर सगळ्यांपेक्षा बिनधास्त. भाकरीला लावून, भातावर ओतून, नुसता वाटीत घेऊन बोटानं. त्याच्या गालावर थोडं मांस आलं. तो मोरीत गाणं म्हणायला लागला. त्याचं गाणं आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं आणि त्याला सोडून सगळ्यांना त्याचा त्रास व्हायचा. आत्या दारात उभी राहून ऐकायची.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, परत बघितला आणि विचारलं, "आजोबा खातात काय?"

आत्यानं पिशवीतून बाटली काढून अभिमानानं टेबलावर ठेवली. "ह्ये. साखरेचा कण न्हाय. निस्ती फळं."

"कुठली फळं, आजी?"

"खजूर. मनुका."

"अहो, खजुरात साखरच असते की."

"त्ये फळ हाय. झाडाला लागतंय."

डॉक्टरीणबाई काही भांडायच्या आवाजात बोलल्या नाहीत. त्यांनी साधं विचारलं, "आणि ऊस कुठं लागतो?"

आत्यानं चष्मा खाली आणला आणि बाटली स्वतःकडं ओढली. बाईंनी समजावून सांगितलं, की विकतच्यापेक्षा हा चांगलाच आहे, यात काय काय आहे ते तुम्हाला माहीत तरी आहे. पण चमचाभर. वाटीभर नाही. आणि ज्या दिवशी हा खातील, त्या दिवशी भाकरी जरा कमी.

परतताना रिक्षात आत्या बाटली मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःचंच लेबल वाचत होती. मी तात्याच्या कानात सगळं ओरडून सांगितलं, तर तो म्हणाला, "मला वाटलंच हुतं."

"काय?"

"गोड लागालंय म्हंजी साखर असणारच की. जिबेला कळतंय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर दिली असतीस?"

रिक्षावाला हसला. आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचा सगळा रस्ता आरशात बघितलं नाही.

घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि घरोघर फिरून बाटल्या परत मागायला सुरुवात केली. बायका देईनात. एक म्हणाली, संपली. आत्या तिच्या कपाटातून काढून घेऊन आली. दुसरी म्हणाली, "राहू दे की आक्का. आमच्यात कुणाला शुगर न्हाय. पोरं भाकरीला लावून खात्यात."

"खाऊ देत. लेबल काडून दे फकस्त."

लेबलं निघत नव्हती. आप्पांनी खळ चांगली घट्ट केली होती. आत्या रात्रीच्या जेवणापर्यंत दारात बसून ओल्या फडक्यानं 'एक कण नाही' खरवडत होती. मग आप्पांकडं आली. "पत्रक लिवा. जाहीर कबुली."

आप्पा गडबडले. "कौसाबाई, असं छापत नाहीत. संघटनेचं नाव जाईल. 'सुधारित माहिती' म्हणून दोन ओळी टाकू."

"सुदारित म्हंजी?"

"म्हणजे... आधीची चूक होती असं न म्हणता..."

"मालक बी असंच बोलायचा, आप्पा. आमच्या खराब बिड्यांना 'शिल्लक माल' म्हणायचा." ती खाली बसली. "लिवा. मी सांगते तसं."

तिनं सांगितलं आणि आप्पांनी लिहिलं. मी आयुष्यात वाचलेल्या पत्रकांत त्याच्याइतकं छोटं आणि त्याच्याइतकं धीट दुसरं नाही. 'बंधू-भगिनींनो. मी कौसल्या. बारकूच्या सॉसमध्ये साखर नाही असं मी छापलं, ते खोटं आहे. त्यात फळांची साखर आहे आणि ती भरपूर आहे. वाचून झाल्यावर विचारायचं असतं, एवढं मला कळलं नाही. ज्याला शुगर आहे त्यानं चमचाभर खावा, आणि डॉक्टरला विचारून. ज्याची शुगर माझ्या सॉसनं वाढली त्यानं घरी येऊन मला बोलावं. चहा मिळेल, बिनसाखरेचा.' खाली तिची सही, वळणदार, चौथीतली. लोक आले. काही बोलायला, बरेचसे सॉस मागायला.

पण खरी अडचण घरातच होती. सॉस चमचाभर आणि भाकरी कमी, असं ऐकल्यावर तात्यानं जेवण पुन्हा सोडलं. आता तर त्यानं ते जाहीरपणे सोडलं. ताट सरकवून दारात येऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "संप हाय."

आत्याच्या आयुष्यात ती पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडं, मालकाच्या बाजूला होती. तिनं आधी धमकी दिली. मग दुर्लक्ष केलं. मग शेजारच्या घरात कोंबडी भाजायला लावली, म्हणजे वासानं तो मोडेल. तात्या नाकावर उपरणं धरून बसला. संप कसा टिकवायचा हे तिच्याच भाषणांतून तो शिकला होता. ती भाषणं एवढ्या मोठ्या आवाजात असायची की त्यालाही ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला बोलावलं. "तू मदी बस. ह्याला विचार, मागण्या काय हाईत."

मी त्याच्या कानात ओरडून विचारलं. तो म्हणाला, "चार चमचे. रोज."

"एक. रविवारी."

"तीन. रविवारी. आन् भाकरी कमी करायची न्हाय."

"डॉक्टरणीनं सांगितलंय."

"मग डॉक्टरणीशी बोलीन मी. तुज्याशी न्हाय."

आत्याचा आवाज एकदम खाली आला. तो तात्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी ती त्याच्याशीच बोलत होती. "बारकू, तू पडलास तवा मोरीचं दार आतनं लावल्यालं हुतं. मी भाईरनं हाका मारीत हुते. तुला ऐकायला येत न्हाय, म्हंजी तू हायस का न्हाईस ते मला कसं कळायचं?"

तात्या माझ्याकडं बघायला लागला. "काय म्हणालीय?"

मी आत्याकडं बघितलं. तिनं नको म्हणून मान हलवली. मग मी त्याच्या कानात ओरडले, "ती म्हणती, दोन चमचे."

त्यानं बराच विचार केला. "चालतंय," म्हणाला. रविवारी दोन चमचे सॉस, त्या दिवशी दोनाऐवजी दीड भाकरी, आणि मोरीचं दार उघडं ठेवायचं. शेवटचं कलम आत्यानं ऐनवेळी घुसडलं. त्यानं विरोध केला नाही. त्याला वाटलं असेल, बंबाचा धूर जायला म्हणून.

मी नोकरीसाठी गाव सोडलं त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. हिवाळ्यात ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. त्या शेवटच्या रविवारी दुपारी दारासमोर घमेलं पेटलेलं होतं. कोथिंबिरीच्या देठांची जुडी सॉसमध्ये बुडवून ती कोंबडीवर फिरवत होती, इतकी पातळ की दोन चमचे सगळ्या तुकड्यांना पुरावेत. तात्या ताट घेऊन पाटावर बसला होता. त्यानं सगळं खाल्लं. एक भाकरी संपवली. मग ताट पुढं केलं आणि म्हणाला, "अर्धी."

आत्या बघत राहिली. ताटाकडं, मग त्याच्याकडं. ती आत गेली आणि ताज्या पिठाची भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. तात्या माझ्याकडं झुकून, त्याच्या मते कुजबुजत, सगळ्या गल्लीला म्हणाला, "टोपलीत हुती गं शिळी. तरी आख्खी थापाय लागली बघ."

ती गरम भाकरी घेऊन बाहेर आली, उभ्या उभ्याच मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात टाकली. मग खाली वाकून नीट बघितलं. मोडताना त्याच्याकडचा तुकडा मोठा झाला होता. तिनं त्याचा कोपरा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत चावत त्याच्या कानाशी ओरडली, "कराराप्रमाणं."